मुक्काम पोलादपूर, वाटा तीन

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की मुंबई-पुण्यातल्या घरांत थंडीच्या सुट्टीची चर्चा सुरू होते, आणि दरवर्षी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. कशेडीला जायचे म्हणजे नेमके कुठे उतरायचे? तिथे थंडी पडते का? घाटाने जावे की बोगद्याने? राहायचे महाबळेश्वरला की खाली पायथ्याशी? रायगड आणि प्रतापगड एकाच दिवशी होतात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: होतात, पण तसे करू नका. दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जातो आणि दोन्ही गड अर्धवट पाहून होतात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे नकाशा उघडून पाहिला की सापडू लागतात.

कशेडी हे थंड हवेचे ठिकाण नव्हे. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर, पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये मुंबई-गोवा महामार्गावरचा तो घाट आहे. सहलीचा खरा तळ घाटाच्या अलीकडे, पोलादपूर-महाड या पट्ट्यात आहे. पोलादपूरहून तीन वाटा फुटतात. उत्तरेला सुमारे १८ किलोमीटरवर महाड आणि तिथून रायगड. पूर्वेला आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर. दक्षिणेला कशेडी ओलांडून खेड, रसाळगड आणि दापोली. म्हणजेच मुंबईहून येऊन पोलादपूरला राहणाऱ्यांना पहिल्या दोन वाटांसाठी कशेडी घाट चढावाच लागत नाही. ही एक गोष्ट न कळल्यामुळे अनेकांचा अर्धा दिवस वाया जातो.

म्हणून सल्ला असा: मुक्काम एकाच जागी ठेवा आणि रोज एक वाट धरा. रोज सामान बांधून नवी खोली गाठण्यात थंडीची सकाळ हातची जाते, आणि या भागात थंडीची मजा सकाळीच असते.

आधी तारीख, मग खोली

महाड आणि पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत, त्यामुळे हिवाळ्यातही दुपारी ऊन चांगलेच लागते. मध्यरात्रीनंतर मात्र गोधडी ओढावी लागते, आणि पहाटे नदीकाठच्या खाचरांवर धुके उतरते. ज्यांना दिवसभर स्वेटर घालायचा आहे त्यांनी वर चढावे. रायगड सुमारे ८२० मीटर, प्रतापगड सुमारे १,०८० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे दवबिंदू गोठतात. खाली राहून एका सकाळी वर जाऊन येता येते. वर राहून रायगड पाहायचा ठरवले तर रोज घाट उतरावा आणि चढावा लागतो.

तारीख ठरवताना पुढचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा.

- नोव्हेंबरचा उत्तरार्ध: भाताची कापणी-झोडणी आटोपत आलेली असते, गवत सोनेरी असते, ओढ्यांना थोडे पाणी असते. गड चढायला उत्तम काळ.
- १ ते २० डिसेंबर: पर्यटकांची गर्दी कमी, पण शाळांच्या सहली जोरात. रायगड-प्रतापगडावर आठवड्याच्या मधल्या दिवशीही एसटीच्या लाल गाड्यांची रांग दिसते. सकाळी नऊच्या आत पोहोचा.
- २५ डिसेंबर: १९२७ साली याच दिवशी महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचे दहन झाले. राज्यभरातून कार्यकर्ते, विशेषतः महिला, या दिवशी महाडला येतात. त्यासाठीच जात असाल तर अवश्य जा, खोली मात्र खूप आधी पाहा. नुसती सहल असेल तर त्या दिवशी महाड शहरातला मुक्काम टाळा.
- २६ डिसेंबर ते २ जानेवारी: महाबळेश्वरची गर्दी आंबेनळीतून खाली सांडते. शक्य असेल तर हा आठवडा सोडून द्या.
- जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा: सर्वांत चांगला काळ. थंडी टिकून असते, दर उतरलेले असतात, वालाच्या शेंगा भरू लागतात.
- फेब्रुवारी: दुपार तापते, पण सणांचा महिना. माघ वद्य नवमीला तानाजी मालुसरे यांची पुण्यतिथी असते आणि समर्थ रामदासांची दासनवमीही. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला ज्योत नेणाऱ्या तरुणांची गडांवर रीघ लागते. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडच्या वीरेश्वराचा छबिना असतो आणि गावोगावच्या पालख्या शहरात येतात.

घाट की बोगदा?

कशेडीच्या डोंगरातून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे काढले आहेत. २०२३ च्या गणेशोत्सवात त्यांपैकी एकातून हलक्या वाहनांना पहिल्यांदा वाट मिळाली. घाटाच्या वळणांना पाऊण तास लागत असे, तो प्रवास आता दहा-पंधरा मिनिटांवर आला. खेड किंवा दापोलीला पोहोचायची घाई असेल, रात्र असेल किंवा गाडीत वळणांनी मळमळणारी मुले असतील, तर बोगदाच धरा. बोगद्यात दिवे लावा, पुढच्या गाडीला ओलांडू नका आणि छायाचित्रासाठी गाडी अजिबात थांबवू नका.

घाट पाहायचाच असेल तर दिवसा, धुके विरल्यावर, साधारण नऊनंतर जा. अवजड वाहतूक कमी झाल्याने जुना रस्ता आता निवांत वाटतो, पण वळणे तीच आहेत आणि भररस्त्यात थांबायला जागा नाही.

आंबेनळीला असा पर्याय नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी पावसाळी सहलीला निघाले असताना त्यांची बस याच घाटात कोसळली आणि तीस जण गेले. हिवाळ्यात रस्ता कोरडा असतो, पण सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि कठड्यांवर विसंबता येत नाही. प्रतापगड किंवा महाबळेश्वर पाहून खाली यायचे असेल तर दिवस मावळण्याआधी पोलादपूर गाठा. पुण्याकडच्यांना भोर-महाड वरंध घाट जवळचा वाटतो. तो पावसाळ्यात बंद असतो आणि कामांसाठी इतर वेळीही बंद ठेवला जातो. निघायच्या आदल्या दिवशी खात्री करा, नाहीतर ताम्हिणीने माणगावला उतरा.

उत्तरेची वाट: महाड आणि रायगड

या वाटेला सर्वांत जास्त वेळ द्या. दोन दिवस दिले तरी जास्त नाहीत.

रायगडाला पायऱ्यांनी जावे की रोपवेने, हा नेहमीचा पेच. गुडघे धडधाकट असतील आणि पाचाडहून सकाळी सातला सुरुवात करता येत असेल तर पायऱ्याच चढा. दीड ते दोन तास लागतात आणि थंडीत चढ अंगावर येत नाही. घरात आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर हिरकणीवाडीचा रोपवे घ्या. सुट्टीच्या दिवशी त्याची रांग चढण्याच्या वेळेपेक्षा लांब होऊ शकते, म्हणून पहिल्या फेऱ्यांपैकी एक पकडा आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा. रोपवेने वर गेलात म्हणून चालणे चुकत नाही. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर, शिवरायांची समाधी आणि टकमक टोक एवढे पाहायला तीन-चार तास लागतात, आणि ते बहुतेक उघड्या माळावर. टोपी आणि पाणी थंडीतही हवेच.

रायगड आणि प्रतापगड हे दोन्ही गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. त्यानंतर लोकांचा ओघ वाढला आहे. रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, अवशेषांवर चढता येत नाही.

उतरल्यावर पाचाडला थांबल्याशिवाय जाऊ नका. राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊसाहेब इथेच गेल्या. त्यांचा वाडा आणि समाधी गडाच्या पायथ्याशी आहे, आणि गड पाहून थकलेले लोक गाडीत बसून सरळ निघून जातात.

महाड शहरासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले ते चवदार तळे शहराच्या मध्यावर आहे. मुलांना ते तळ्याच्या काठावर उभे राहूनच सांगा. मुंबईकडून शहरात शिरताना महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. सुमारे ३० लेणी, त्यांतल्या एकात विष्णुपालित नावाच्या राजपुत्राच्या दानाचा लेख. सकाळचे कोवळे ऊन चुकले तर चार वाजल्यानंतर जा. वरून सावित्री आणि गांधारी नद्यांचे खोरे दिसते.

नदी वरूनच पाहा. सावित्रीत मगरी आहेत आणि थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. पुलावरून किंवा उंच काठावरून दुर्बिणीने पाहणे हा मुलांसाठी मोठाच अनुभव आहे. पाण्यात पाय सोडून बसणे धोक्याचे.

थंडीतला खास कार्यक्रम म्हणजे गरम पाण्याचे झरे. महाडजवळ सावित्रीकाठी सव गावात असे झरे आहेत. पहाटे पाण्यावर वाफ दिसते. आधी हाताने पाणी अजमावा, दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. साबण-शाम्पू कुंडात वापरू नका. चांदीचे दागिने घरी ठेवा, गंधकाने काळे पडतात.

महाडहून सुमारे ३० किलोमीटरवर शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधाशी जोडलेली ही घळ १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढली. इथे एक अपेक्षाभंग टाळा: छायाचित्रांत दिसणारा धबधबा पावसाळ्यातला आहे. हिवाळ्यात तो जवळजवळ आटलेला असतो. शांतता मात्र थंडीतच मिळते.

पूर्वेची वाट: उमरठ आणि प्रतापगड

पोलादपूरहून आत शिरल्यावर उमरठ लागते. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजी पडलेल्या तानाजी मालुसरे यांची आणि शेलारमामांची समाधी या गावात आहे. तास-दीड तास पुरतो. गाव लहान आहे, हॉटेलची अपेक्षा धरून जाऊ नका.

प्रतापगड पोलादपूरहून साधारण पाऊण ते एक तासाच्या अंतरावर. गाडी बरीच वर जाते, त्यामुळे ज्येष्ठांना रायगडापेक्षा हा सोपा. १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट याच गडाच्या पायथ्याशी झाली. गडावरून दक्षिणेला जावळीचे खोरे पाहायला सकाळी आठ-नऊची वेळ निवडा. खाली पार गावात कोयनेवरचा जुना दगडी पूल आणि रामवरदायिनीचे मंदिर आहे. महाबळेश्वरच्या गर्दीतून आलेल्यांना इथे हायसे वाटते.

चढणाऱ्या मंडळींसाठी ढवळे गावातून चंद्रगड, आणि तिथून ऑर्थरसीटपर्यंतची वाट आहे. ती सहल नाही, पूर्ण दिवसाची कसोटी आहे. पाणी कमी, वाट फसवी, घसारा मोठा. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. एखादी संस्था नेत असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, ते विचारा. प्रथमोपचार कोण करणार, गटात किती माणसे आणि किती मार्गदर्शक, हेही विचारा. गुळमुळीत उत्तर मिळाले तर पैसे भरू नका.

दक्षिणेची वाट: कशेडीपलीकडे

एक दिवस जास्तीचा असेल तरच. खेड तालुक्यातल्या रसाळगडावर झोलाई देवीचे देऊळ आणि पुष्कळ तोफा आहेत, चढ सोपा आहे. दापोली तालुक्यातल्या उन्हवरे गावातले गरम झरे सवपेक्षा कितीतरी कढत आहेत. थेट झऱ्यात हात घालू नका, स्नानासाठी बांधलेल्या टाक्या वापरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडणगडच्या वेळास किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची असतील तर तिथेच, गावातल्या घरी, वेगळा मुक्काम करा. पोलादपूरहून पहाटे पोहोचण्याचा अट्टहास करू नका.

राहायचे कुठे?

पर्याय चार प्रकारचे आहेत, आणि प्रत्येकाचा फायदा वेगळ्या कुटुंबाला होतो.

- महामार्गालगतचे लॉज आणि हॉटेल: एका रात्रीसाठी, उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी. खोली रस्त्याच्या उलट्या बाजूची मागा. ट्रकचे हॉर्न रात्रभर वाजतात.
- पाचाड-हिरकणीवाडीची घरगुती सोय: रायगड पहाटे चढणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीची. पिठले-भाकरी मिळते, खोल्या साध्या असतात.
- कृषी पर्यटन केंद्र किंवा शेतघर: लहान मुले असलेल्यांसाठी उत्तम. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. प्रमाणपत्राची प्रत मागायला संकोच करू नका.
- तंबू: फोटोत सुंदर, जानेवारीत दवाने ओलेचिंब. दोन पदरी तंबू, जमिनीवर जाड गादी आणि जवळ पक्के स्वच्छतागृह असेल तरच विचार करा.

पोलादपूर तालुक्यातली पुष्कळ कुटुंबे मुंबईत नोकरीला असतात. गणपती आणि शिमग्याला घरे उघडतात, थंडीत गावात बहुधा वडीलधारेच असतात. त्यामुळे गावातल्या घरी ऐनवेळी दहा माणसे जाऊन ‘जेवायला काय आहे?’ असे विचारणे बरे नव्हे. किती माणसे, शाकाहारी किती, किती वाजता पोहोचणार, हे आदल्या दिवशी सांगा. मग तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, गावठी कोंबडी असे जे मिळते ते कोणत्याही हॉटेलच्या यादीत नसते.

डोंगराला खोल कापून वर बांधलेल्या नव्या बांधकामांत खोली घेताना मागची दरड पाहा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. हिवाळ्यात तो धोका कमी असतो. ही गावे मात्र पाहायची ठिकाणे नाहीत. तिथे फोटो काढायला जाऊ नका.

खोली ठरवताना फोनवर एवढे नक्की विचारा:

- दर माणशी आहे की खोलीचा? जेवण, नाश्ता, चहा त्यात धरले आहेत का?
- पांघरुणे प्रत्येकाला वेगळी मिळतात का?
- गरम पाणी कसे तापते: वीज, सौर, बंब की गॅस?
- वीज गेली तर काय? मोबाइलला कोणती रेंज येते?
- शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता कसा आहे, छोटी गाडी जाते का?

ऊब हवी, पण बेतशीर

गरम पाण्याचा प्रश्न उगाच घातलेला नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस गुंगीत जातो. गीझर न्हाणीच्या बाहेर असावा. आतच असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच दार लावा. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे, आणि तो दर हिवाळ्यात कुठे ना कुठे जीव घेतो.

शेकोटी अंगणात पेटवा. डिसेंबरनंतर डोंगरावरचे गवत वाळलेले असते, एका ठिणगीने अख्खा डोंगरउतार पेटतो. राखीव वनात जाळ करणे हा गुन्हा आहे. शेकोटी विझवताना पाणी ओता, माती टाका आणि हात लावून पाहा.

सकाळी बूट झटकून घाला. महाड परिसरात लाल विंचवाचा त्रास जुना आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज दंशावर उपचार आहेत, फक्त मांत्रिक शोधत वेळ घालवायचा नाही. महाड किंवा पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२.

पोपटी कधी मागायची?

रायगड जिल्ह्यातली थंडी पोपटीशिवाय पूर्ण होत नाही. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी किंवा मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे भांबुर्डीच्या पाल्यात थर देऊन मडक्यात भरतात. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. वरून एक थेंब पाणी घालत नाहीत. पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवरच सगळे शिजते.

इथे एक चूक नेहमी होते. नाताळच्या सुट्टीत येऊन लोक पोपटीचा हट्ट धरतात. शेंगा अजून भरलेल्या नसल्या तर यजमान बाजारातून कुठल्या तरी शेंगा आणून हौस भागवतो, आणि ‘हीच का ती पोपटी’ असे वाटून जाते. खरी पोपटी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. दोन दिवस आधी सांगा, मडके आणि पाला जमवायला वेळ लागतो. पेटवण्यापासून खाण्यापर्यंत साधारण तास जातो. तो तास शेतातच बसून काढा. हुरडा मागू नका, तो देशावरच्या ज्वारीचा.

गाडी नसेल तर

महाड आणि पोलादपूर दोन्ही ठिकाणी एसटीची चांगली ये-जा आहे. राज्यात एसटीने प्रवास करताना महिलांना तिकीट निम्मे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. कोकण रेल्वे या दोन्ही शहरांना शिवत नाही. महाडला जवळचे स्थानक वीर, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. माणगाव आणि खेडला पर्याय जास्त. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे जानेवारीच्या मध्याचे तिकीट नोव्हेंबरच्या मध्यात काढायला घ्या. पाचाड, उमरठ, ढवळे यांच्या गाड्या मोजक्या आहेत. शेवटची परत कधी, ते स्थानकावर विचारूनच बसा. चार-पाच जण असाल तर दिवसभरासाठी स्थानिक गाडी ठरवणे सोपे. चालकाला आंबेनळीची सवय आहे का, हे विचारा.

पैसे आणि तुमचे हक्क

बुकिंगची फसवणूक खरी आहे. शासकीय विश्रामगृहाच्या किंवा प्रसिद्ध हॉटेलच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघतात आणि ‘आज पूर्ण रक्कम भरा, निम्मी सूट’ असे सांगतात. फोन करा, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, गावातल्या एखाद्या ओळखीच्याकडून खात्री करा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

- रद्द करण्याच्या अटी पैसे देण्याआधी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही पुरावा ठरतो.
- कर: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. जुन्या १२ टक्क्यांनी आकारला तर हरकत घ्या. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही असे लहान घरगुती निवासस्थान हा कर लावू शकत नाही. पावतीवर क्रमांक पाहा.
- सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलातून काढायला सांगा.
- ओळखपत्र द्यावे लागते, पण आधारच दिले पाहिजे असे नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालते. आधार द्यायचेच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या.
- दाखवले एक, दिले दुसरे असे झाले तर लगेच फोटो काढा, व्यवस्थापकाला लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

तीन रात्रींचा एक बेत

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत महाड गाठा. संध्याकाळी गांधारपाले आणि चवदार तळे पाहून पोलादपूर परिसरात मुक्कामाला जा. दुसरा दिवस रायगड आणि पाचाडचा, पहाटे निघून. रायगड पायी चढणार असाल तर पहिली रात्र पोलादपूरऐवजी पाचाडला काढा, मुक्काम एकाच जागी ठेवण्याच्या नियमाला हा एवढा अपवाद चालेल. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतापगड, दुपारी उमरठ, संध्याकाळी पोपटी. चौथ्या दिवशी पहाटे सवचे झरे, नाश्ता आणि दुपारच्या आत परतीचा रस्ता. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे निघालात तर माणगावपाशी अडकण्याची तयारी ठेवा.

ज्येष्ठ बरोबर असतील तर रायगड रोपवेने करा आणि उमरठऐवजी शिवथरघळ घ्या, तिथे पायऱ्या मात्र आहेत. दोनच रात्री हाताशी असतील तर महाबळेश्वर आणि कशेडीपलीकडचे सगळे सोडा, रायगडाचा पूर्ण दिवस मात्र कापू नका. बेत ठरला की यजमानांना फोन करून माणसांची संख्या आणि पोहोचण्याची वेळ कळवा, आणि उशीर होत असेल तर वाटेतूनच सांगा. पोलादपूरच्या खेड्यांत रात्री साडेआठला चुली विझतात.